सोदेवाबाईची गाणी कुठे आहेत?

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याची नात बिडकीनला आली की आमच्या घराचा दिनक्रम तिच्या हाती जातो. एके दुपारी ओसरीवर बसून ती मोबाइलवर एक चित्रपट पाहत होती. मी वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करून तिच्या मागे बसलो. पडद्यावर राजवाडा, नृत्य, भोपळ्याचा रथ. म्हणजे सिंड्रेला हे ओळखायला वेळ लागला नाही. परंतु ही सिंड्रेला वेगळीच होती. मुलगी कृष्णवर्णीय, तिला वर देणारी परी कृष्णवर्णीय, सावत्र आई गोरी आणि राजपुत्र पूर्वेकडच्या चेहऱ्याचा. नातीने मान न वळवताच विचारले, "आबा, राणी काळी, राजा गोरा आणि त्यांचा मुलगा आपल्यासारखा. असं कसं?" मी उत्तर जुळवीत होतो, तेवढ्यात तिनेच निकाल दिला, "पण तिथं कुणीच विचारत नाहीये." आणि ती पुन्हा गाणे ऐकू लागली.

त्या रात्री गच्चीवर अंथरूण टाकल्यावर मी तिला एक गोष्ट सांगितली. सोन्याची चप्पल हरवलेल्या एका राजकन्येची, सोदेवाबाईची. गोष्ट आपल्याच दख्खनच्या मुलखातली. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली, मध्ये दोनदा उठून बसली. गोष्ट संपली तेव्हा मला वाटले, आता ती म्हणेल, आणखी एक सांगा. ती म्हणाली, "आबा, याची गाणी कुठे आहेत?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि हा लेख लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

नात पाहत होती तो चित्रपट १९९७ सालचा. त्याची पूर्वपीठिका मनोरंजक आहे, आणि आपल्याला काही शिकविणारीही. अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने रिचर्ड रॉजर्स हा संगीतकार आणि ऑस्कर हॅमरस्टाइन हा गीतकार या त्या काळच्या अग्रगण्य जोडीकडून खास दूरचित्रवाणीसाठी एक संगीतिका लिहून घेतली. रंगभूमीवर गाजलेले जुने काही आणून दाखविले नाही, नवे करवून घेतले. ३१ मार्च १९५७ रोजी न्यूयॉर्कहून ती थेट प्रक्षेपित झाली. ज्युली अँड्र्यूज सिंड्रेला झाली होती. त्या एका संध्याकाळी १० कोटींहून अधिक लोकांनी ती पाहिली, असे सांगितले जाते. त्या देशाची लोकसंख्याच तेव्हा १७ कोटींच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. पुढे १९६५ मध्ये नव्या संचात तिचे पुन्हा चित्रण झाले आणि ते कित्येक वर्षे, १९७४ पर्यंत, पुनःपुन्हा दाखविले गेले. नंतर २ नोव्हेंबर १९९७ रोजी तिसरी आवृत्ती आली. ब्रँडी ही तरुण गायिका सिंड्रेला, व्हिटनी ह्यूस्टन परी, व्हूपी गोल्डबर्ग राणी आणि फिलिपाइन्समध्ये जन्मलेला पाओलो मॉन्टाल्बान राजपुत्र. तीही सुमारे ६ कोटी लोकांनी पाहिली.

म्हणजे चाळीस वर्षांत एकच गोष्ट, बहुतांशी तीच गाणी, तीन पिढ्यांना तीनदा सांगितली गेली आणि प्रत्येक वेळी त्या त्या पिढीला ती आपली वाटावी, याची काळजी घेतली गेली. गोष्ट मुळात अमेरिकेची नाहीच. काचेच्या बुटाचे जे रूप जगभर रूढ झाले, ते शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये छापले. अमेरिकनांनी ती उचलली, तिला सूर दिले, आपल्या देशातील माणसांचे चेहरे दिले आणि आता ती बिडकीनच्या ओसरीवर येऊन बसली आहे. याचा राग मानण्याचे कारण मला दिसत नाही. परक्याची गोष्ट घरात आली म्हणून कपाळाला आठ्या घालणारे पुष्कळ भेटतात. पण आपली गोष्ट घराबाहेर का पडली नाही, किंबहुना घरातही का उरली नाही, याचा विचार करणारे थोडे.

आपल्याला हे जमत नव्हते काय? सिंड्रेलाच्या त्या पहिल्या प्रक्षेपणाच्या दोनच वर्षे आधी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते. वाचकांपैकी ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत, त्यांना रेडिओभोवती जमणारी माणसे आठवत असतील. तेही नव्या माध्यमासाठी मुद्दाम करवून घेतलेले काम होते. एका सरकारी केंद्राने कवीला आणि संगीतकाराला बोलावले, कथा सर्वांना ठाऊक असलेली घेतली आणि माध्यमाच्या मापाने ती बसविली. न्यूयॉर्कमध्ये १९५७ साली जे घडले, तेच कमी पैशांत पुण्यात आधी घडून गेले होते. फरक इतकाच, की तिकडे हा प्रयोग लहान मुलांच्या परीकथेपर्यंत पोहोचला, आपला तिथवर आला नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'किलबिल'सारखा मुलांचा कार्यक्रम त्याने आवर्जून केला, त्याविषयी कृतज्ञताच आहे. मात्र दीड तासाची, पुन्हा पुन्हा दाखविता येईल अशी, मुलांसाठी रचलेली मराठी संगीतिका म्हणून एखादे नाव चटकन ओठावर यावे, असे काही घडले नाही.

आता सोदेवाबाईविषयी. ही गोष्ट मला आजीकडून मिळाली असे सांगता आले असते तर बरे वाटले असते, परंतु ते खरे नव्हे. ती मला एका इंग्रजी पुस्तकात मिळाली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांची कन्या मेरी त्यांच्यासोबत होती. तंबूत बाईमाणूस म्हणावे अशी दुसरी एकच, तिची आया ॲना लिबराटा डिसूझा. ॲनाचे पूर्वज मूळचे लिंगायत, पुढे गोव्यात ख्रिस्ती झालेले. तिला तिच्या आजीने सांगितलेल्या गोष्टी येत होत्या. त्या तिने मोडक्या इंग्रजीत मेरीला सांगितल्या, मेरीने त्या लिहून घेतल्या, पुन्हा तिला वाचून दाखविल्या, आणि १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक लंडनला निघाले. त्यात सोदेवाबाई आहे. अर्थ दिला आहे तो 'सौभाग्याची बाई' असा. मूळ उच्चार 'सुदैवाबाई' असावा, असा माझा आपला तर्क.

गोष्ट अशी. राजकन्येचा प्राण तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या माळेत आहे. ती बोलली की तोंडातून मोती आणि रत्ने पडतात. वडिलांनी तिला सोन्याच्या, रत्नजडित चपला करून दिल्या आहेत. डोंगरावर फुले तोडताना तिची एक चप्पल निसटते आणि खाली गडगडत जाते. पायथ्याशी शिकारीला आलेल्या राजपुत्राला ती सापडते. जिची ही चप्पल, तिच्याशीच लग्न करीन, असे म्हणून तो अन्नपाणी सोडतो. दवंडी पिटते, शोध लागतो, लग्न होते. सिंड्रेला इथे संपते. आपली गोष्ट इथून पुढे खरी सुरू होते. राजपुत्राची पहिली राणी मत्सराने ती माळ चोरवते. सवत दिवसभर माळ घालते तोवर सोदेवाबाई निष्प्राण. रात्री माळ उतरली की ती जिवंत होते. तिचे कलेवर पुरण्याचे धैर्य राजपुत्राला होत नाही. तो रोज तिला पाहायला येतो, आणि एके रात्री पाहतो तर ती जागी, कुशीत त्याचे बाळ. शेवटी ते बाळच ती माळ घेऊन येते.

गाण्याला यात किती जागा आहेत, हे कोणाही संगीतकाराला सांगावे लागू नये. दवंडीचे गाणे, चपलेच्या शोधात निघालेल्यांचे गाणे, रात्री जागणाऱ्या आईची अंगाई. एकच अंगाई दोनदा: प्रथम ऐकणारा कोणी नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा राजपुत्र दाराशी उभा आहे म्हणून. दिवसाच्या प्रसंगाला सूरच नाहीत, नुसती शांतता. रात्र झाली की वाद्ये जागी होतात. मी संगीतकार नाही, पण एवढे माझ्यासारख्यालाही सुचते.

इथे एक मोह आवरला पाहिजे. अशी गोष्ट हाती लागली की आपल्यापैकी काहींना लगेच वाटते, पाहा, सिंड्रेला मुळात आमचीच! पादत्राणावरून वधू ओळखण्याची कथा चीनमध्ये नवव्या शतकात लिहिलेली सापडते. इजिप्तमधील रोडोपिसची कथा ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने त्याहून कितीतरी आधी नोंदविली आहे. मॅरियन कॉक्स या विदुषीने १८९३ मध्ये सिंड्रेलेची ३४५ रूपे एकत्र केली. कर्नाटकातील हंचीची कथा ए. के. रामानुजन यांनी अभ्यासकांपुढे आणली. कोण आधी, हा वाद पंडितांनी घालावा. ज्याच्या घरात गोष्ट सांगितली जाते, ती त्याची. आपल्या घरात ती सांगितली जात नाही. एका ख्रिस्ती आयेने ती लक्षात ठेवली आणि एका गव्हर्नरच्या मुलीने लिहून ठेवली म्हणून ती आपल्याला मिळाली. त्या दोघींचे ऋण मानून मगच पुढचे बोलावे.

आमच्या गावाला तर याची अधिकच लाज वाटायला हवी. बिडकीन पैठणच्या रस्त्यावर आहे, आणि पैठण हे कथांचे माहेर आहे. सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीत गुणाढ्य होता. त्याची कहाणी सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त आहे. राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. एक राणी म्हणाली, 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, पाणी नको मारू. राजाने लाडू मागविले. राणी हसली आणि राजाने संस्कृत शिकण्याचे मनावर घेतले. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने. तुला ते साधले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडीन, असे गुणाढ्याने सांगून टाकले. शर्ववर्म्याला साधले. गुणाढ्य रानात गेला आणि उरलेल्या पैशाची भाषेत सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांकरवी ती राजाकडे पाठविली. भाषा पैशाची, शाई रक्ताची. राजाने ती धिक्कारली. मग गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटविले. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचे आणि अग्नीत टाकायचे. प्राणी चरणे सोडून अश्रू ढाळीत ऐकत राहिले. राजाच्या पानात येणारे मांस शुष्क झाले, त्याला दुखणे लागले, आणि चौकशीअंती कारण कळले तेव्हा राजा धावत रानात गेला. तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष उरले.

मला ही भारतीय वाङ्मयातील सर्वांत भेदक कथांपैकी एक वाटते, आणि ती आमच्या तालुक्याची आहे. त्याच ग्रंथातला वेताळही तसाच. १९८५ मध्ये रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' ही मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा रविवारी दुपारी आमच्या आळीत टीव्ही असलेल्या घरात पाय ठेवायला जागा नसे. अरुण गोविल विक्रमादित्य आणि सज्जन वेताळ. तो उज्जैनचा राजा, असे सगळे जण समजत होते. सोमदेवाच्या ग्रंथात मात्र तो त्रिविक्रमसेन आहे, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा. प्रेत खांद्यावर घेऊन चालणारा राजा पैठणचा, हे पैठण तालुक्यातील किती शाळांत मुलांना सांगितले जाते? माझ्या नोकरीच्या काळात मीही सांगितले नाही. मला ते ठाऊकच नव्हते.

नाथांची भारुडे घ्या. जोगवा, गोंधळ, वासुदेव, विंचू; प्रत्येकात एक पात्र, एक वेश, एक प्रसंग आणि गाणे. संगीतिकेचे व्याकरण नाथांनी चारशे वर्षांपूर्वी पैठणला सिद्ध करून ठेवले आहे. नाथषष्ठीला लाखो लोक ते ऐकतात. त्या व्याकरणात मुलांची गोष्ट बसविणारा कवी आणि त्याला पैसे देणारा प्रक्षेपक, एवढ्या दोनच गोष्टी कमी आहेत.

मराठीत मुलांसाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' सुरू करून 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले. ते लिहिणारे रत्नाकर मतकरी यांनी पुढे स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था चालविली. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'ला २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी चेटकीण साकारून पुन्हा गर्दी खेचली. 'आविष्कार'च्या चंद्रशाळेचे 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य कितीतरी नामवंत कलावंतांची पहिली पायरी ठरले. परंतु हे सारे मुख्यतः मुंबई-पुण्याचे. आमच्याकडून मुलाला नाटक दाखवायचे तर शहरातील संत एकनाथ रंगमंदिर गाठायचे, चार तिकिटे, येण्याजाण्याचा खर्च आणि शेतातला एक दिवस. पडदा मात्र प्रत्येक घरात आहे. दूरचित्रवाणीचा आग्रह मी धरतो तो एवढ्यासाठीच.

गाणाऱ्या मुलांची वाण आहे काय? २००८-०९ मध्ये 'लिटल चॅम्प्स'च्या पाच मुलांनी अख्खा महाराष्ट्र टीव्हीपुढे बसविला होता. अभंग-गवळणी गाणारी कार्तिकी गायकवाड त्यात विजेती ठरली. गळे होते, श्रोते होते, जाहिरातदारही होते. मुलांनी गायिली ती मात्र मोठ्यांची गाणी. मुलांच्या तोंडून विरहगीत ऐकून परीक्षक डोळे पुसत, आणि आपणही. त्या मुलांसाठी कोणी नवी गोष्ट, नवी चाल बांधली नाही.

आता आक्षेप. सोदेवाबाईच्या कथेत दोन बायका आहेत, दासी आहे, मत्सर आहे. आजच्या मुलांना हे दाखवायचे काय? प्रश्न रास्त आहे. पण सिंड्रेलाही जशीच्या तशी कुठे दाखविली? ग्रिम बंधूंच्या पुस्तकात सावत्र बहिणी बूट बसावा म्हणून पाय कापतात आणि पक्षी त्यांचे डोळे फोडतात. रॉजर्स-हॅमरस्टाइन यांनी त्यातले काही घेतले नाही. १९९७ च्या आवृत्तीत तर राजपुत्राची वाट पाहत न बसता मुलगी आपले बोचके बांधून घराबाहेर पडते आणि मग तो तिला भेटतो. मूळ कथेचा कणा राखून जे काळाला शोभत नाही ते बदलणे, हे कथाकाराचे कामच आहे. पहिल्या राणीऐवजी राज्यलोभी आत्या घेतली तर काय बिघडते? माळ चोरीला गेली पाहिजे, रात्री अंगाई ऐकू आली पाहिजे, आणि बाळाने माळ आणली पाहिजे. बाकीचे लवचीक.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो ऐकला की मला आमच्याच शिवाराकडे बोट दाखवावेसे वाटते. बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रासाठी ७,८५५ एकर जमीन घेतली गेली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ते राष्ट्राला अर्पण केले. ज्या बांधांवर गोष्टी सांगितल्या जात होत्या ते बांध गेले, त्याजागी रुंद रस्ते आले. उद्योग यावेत, तरुणांना कामे मिळावीत, याबद्दल दुमत नाही. मात्र उद्योगांना कायद्याने जो सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करावा लागतो, त्यात कला आणि संस्कृतीला जागा आहे. त्यातला एक लहान वाटा या मुलखाच्या गोष्टीला मिळावा, ही मागणी अवाजवी म्हणता येईल काय? शहरात विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. तिथून बाहेर पडणारे गुणी तरुण मुंबईची गाडी पकडतात. प्रक्षेपणासाठी सह्याद्री वाहिनी आहे. प्रसारभारतीचा 'वेव्हज' हा मंचही नोव्हेंबर २०२४ पासून मोबाइलवर आहे. नातीच्या हातात जो मोबाइल आहे, त्याच्यावरच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी जे पुरावे मांडले गेले, त्यांत हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' अग्रस्थानी होती. आम्ही पेढे वाटले. परिसंवाद झाले, पुढेही होतील. आठ वर्षांच्या मुलीला मात्र परिसंवाद ऐकता येत नाही, तिला गाणे ऐकता येते. गुणाढ्याची पाने एकदा जळाली. आमच्या आज्या गेल्या तशी उरलेल्यातलीही किती गेली, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

नात जूनमध्ये पुण्याला परत गेली. जाताना बसच्या खिडकीतून तिने पुन्हा विचारले, "आबा, गाणी?" दिवाळीपर्यंत करतो, असे मी बोलून गेलो. गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजविणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना मी ओट्यावर बसवून गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कडवी तुम्ही लिहा गुरुजी, चाल मी लावतो. अंगाई भूपात नको, आपल्या जात्यावरच्या ओवीच्या वळणानं जाऊ द्या." दवंडीचे गाणे झाले आहे. अंगाईची दोन कडवी झाली आहेत. चप्पल डोंगरावरून गडगडत जाते, तिथे मी अजून अडलेलो आहे.